देवाच्या माळावरचे बूट

वावटळ्याला चालणं ठाऊकच नव्हतं. इंदापुरात आईने मीठ आणायला धाडलं तरी तो पळतच जायचा. कुणी "अरे, जरा दमानं" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "दमानं गेलं की दम लागतो मला."

कालव्यावरच्या साहेबाने गावात फुटबॉल आणला आणि या पळण्याचं सोनं झालं. वावटळ्या कडेने सुटला की त्याच्यामागे धावणारे बारामतीचे गडी एकमेकांवर आदळायचे. त्याला आधी पुण्याच्या क्लबाने उचललं, मग कराचीच्या, मग थेट समुद्रापार रंगूनच्या. आणि आम्ही? आम्ही त्याला भाडोत्री म्हणालो. ज्यांनी भिगवणच्या पुढचं स्टेशन पाहिलं नव्हतं, ते चावडीवर बसून म्हणाले. तो मात्र दर जत्रेला यायचा आणि मला म्हणायचा, "तिकडं टाळ्या लई पडत्यात बापू, पण घरच्या नावानं हाक कोण मारतंय?"

त्या वर्षी जत्रेत सामना बारामतीशी होता आणि त्याची रंगूनची बोट थोड्याच दिवसांवर आली होती. माळ देवाचा, तिथे पायताण चालत नसे. वावटळ्या बूट घालून उतरला. बुटांच्या सवयीने त्याचे तळवे मऊ पडले होते. जत्रेचे पंच तात्या आडवे आले.

"बूट काढ. देवाच्या माळावर चामडं चालत न्हाय."

"आन् ह्यो चेंडू कशाचा हाय, तात्या? केळीच्या सोपटाचा?"

माणसं हसली. तात्या भडकले. "तिकडं पैशासाठी पळतुस, आन् हितं देवासाठी पाय दुखत्यात व्हय रं?"

वावटळ्याने माझ्याकडे पाहिलं. कप्तान मी होतो. "तो बुटातच खेळेल, नाहीतर आम्ही घरी जातो," एवढं म्हटलं असतं तर तात्यांना गप्प बसावं लागलं असतं. पण मला बारामतीला हरवायचं होतं. "काढ रे, तासाभराचा तर प्रश्न," मी म्हणालो. आजवर सगळ्यांना सांगत आलो की बूट तात्यांनी काढायला लावले. खोटं आहे ते. त्याने ते माझ्या शब्दावर काढले.

बाभळीचा काटा टाचेत मोडला, तरी गोल करूनच तो खाली बसला. आम्ही त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. पायाकडे एकानेही पाहिलं नाही. टाच पिकली, पाय आखडला, बोट गेली. रंगूनने दुसरा गडी घेतला. आणि तात्या चावडीवर सांगत सुटले, "परमुलखाचं पाणी बाधलं पोराला." ते ऐकून माना डोलावणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. त्या मानांत माझीही एक होती.

पुढे एकदा आम्ही दोघे पुण्याला निघालो होतो. भिगवणला आगगाडीत बसल्यावर तो पाणी प्यायला खाली उतरला आणि गाडी हलली. मी दारातून हात बाहेर काढून जुन्या सवयीने ओरडलो, "पळ, वावटळ्या!"

त्याने दोन पावलं टाकली आणि थांबला.

"जा तू, बापू," तो हसून म्हणाला. "मी आता चालाय शिकलोय."