रॉकेट घालवायला जाणाऱ्या आक्का

आक्कांनी काढलेल्या रॉकेटच्या एकाही फोटोत रॉकेट नाही. धूर आहे. निळ्या आभाळातली पांढरी, वाऱ्याने वाकडी झालेली रेघ. खालच्या कडेला कुणाची तरी टोपी, कुणाचा वर गेलेला हात, आणि बऱ्याचदा माझा कान. कंधारच्या दवाखान्यात आम्ही सगळ्यांनी हे फोटो पाहिले होते आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला होता, यात रॉकेट कुठंय? आक्का जराही न चिडता सांगायच्या, "गेलं की. म्या बघितलं जाताना."

आक्का आमच्या दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या नर्स. मी चाकूरहून नर्सची नवी नोकरी घेऊन आले तेव्हा त्यांच्याच घरातली पुढची खोली मला भाड्याने मिळाली. आक्कांचे घर बौद्ध, आम्ही शेतकरी मराठे. पहिल्यांदा माझी आई आली ती हात आखडूनच बसली होती. चहासुद्धा नको म्हणाली. आक्कांनी त्याचे काही मनावर घेतले नाही. संध्याकाळी आई निघाली तर या तिची पिशवी उचलून स्टँडपर्यंत आल्या, तिला खिडकीजवळची जागा धरून दिली, आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. हात हलवणे वगैरे काही नाही. नुसते बघणे. घरी पोचल्यावर आईचा फोन आला, आणि माझ्याशी दोन शब्द बोलून ती म्हणाली, त्यांना दे. त्यानंतर आईचा चहा कधी चुकला नाही.

घालवायला जाणे हा आक्कांचा धर्मच होता म्हणा ना. बाळंतीण घरी निघाली की आक्का गेटपर्यंत. ऑटो दिसेनासा होईस्तोवर आत येणार नाहीत, मग वॉर्डात कुणी कितीही हाका मारो. माणूस दगावला तरी तेच. स्ट्रेचरबरोबर गेटापर्यंत जायचे, आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचे. एकदा मी चेष्टेने म्हणाले, आक्का, तो काय मागे वळून बघणार आहे का? त्या म्हणाल्या, "त्यो बघणार न्हाई गं. म्हणून तर आपून बघायचं." मला तेव्हा हसू आले होते.

रॉकेटचे वेड लागले ते मिलिंदमुळे. मिलिंद हा त्यांचा एकुलता मुलगा, आंध्रात एका कारखान्यात लागला होता. पहिल्या पगारातून त्याने आईसाठी जुना पण चांगला कॅमेरा घेतला आणि तिला श्रीहरिकोट्याजवळ रॉकेट दाखवायला नेले. आक्का पाण्याकाठच्या रस्त्यावर गर्दीत कॅमेरा धरून उभ्या. रॉकेट उठले ते आधी अगदी मुकाट्याने. झाडांच्या वर नुसता उजेड चढत गेला. मग मागाहून आवाज आला आणि छातीत धडधडायला लागले. मिलिंद ओरडत होता, आई, फोटो काढ, फोटो! आक्का कॅमेरा छातीशी धरून वरती बघत राहिल्या. ठिपका दिसेनासा झाला, मग त्यांनी बटण दाबले. तो धुराचा पहिला फोटो.

पुढे त्यांनी तोच नियम करून टाकला. आधी डोळे भरून बघायचे, फोटो मागाहून. मिलिंद पुण्याला गेला तरी आक्कांच्या खेपा थांबल्या नाहीत. सोबतीला मी. सुट्टी मागायला गेल्या की साहेबांना तोंड भरून सांगायच्या, रॉकेट घालवायला चाललेय. नांदेडहून सिकंदराबाद, तिथून श्रीहरिकोट्याजवळचे सुळ्ळूरपेटा, पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. लांब नळकांड्यासारख्या लेन्स लावून बसलेली शौकीन पोरे आक्कांना ओळखायला लागली होती. ती डोळ्याला कॅमेरा लावून सज्ज, आणि या मधोमध नुसत्या डोळ्यांनी उभ्या. एका पोराने त्यांना त्याने टिपलेली ज्वाळा दाखवली, खरोखर सुंदर फोटो होता. आक्कांनी मनापासून वाखाणला आणि विचारले, "तू बघितलंस का पण?" तो बिचारा कॅमेऱ्याच्या पडद्याकडेच बघत राहिला.

कधी सगळी तयारी झाल्यावर उड्डाण पुढे ढकलायचे. मी वैतागायची, एवढा प्रवास, एवढी सुट्टी. आक्कांना त्याचे काहीच नाही. त्या म्हणायच्या, उठलेला पाहुणा पुन्हा बसला तर आपण काय करतो, चहा टाकतो. आणि खरेच आम्ही स्टेशनावर चहा पिऊन परत यायचो.

उतरण्याचे मात्र त्यांना फारसे अप्रूप नव्हते. दवाखान्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांची एकच ताकीद असे, पोचल्यावर फोन कर. चंद्रावर यान उतरले त्या दिवशी आम्ही सगळे ओपीडीतल्या टीव्हीपुढे जमलो होतो. टाळ्या, पेढे, शिट्ट्या. आक्कांनी कॅमेरा पिशवीतून काढलासुद्धा नाही. पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आला बाई फोन." आणि उठून सलाईन बदलायला गेल्या.

एकदा आम्ही एक उपग्रह घालवून परत येत होतो. रॉकेट उठले होते अगदी झकास, आक्का खूश. रेल्वेत मोबाईलवर बातमी आली की वर गेल्यावर काहीतरी बिघडले, मोहीम फसली. मी ती वाचून दाखवली. आक्कांनी हातातला धपाट्याचा तुकडा परत डब्यात ठेवला. निजामाबाद मागे पडले. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "निघताना चांगलं होतं गं."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मिलिंदच्या वडिलांविषयी सांगितले. ते ट्रक चालवायचे. एका सकाळी आक्का भाकरी थापत होत्या, ते दारातून म्हणाले, येतो गं. आक्कांनी मान वर न करता नुसते हं म्हटले. तव्यावरची भाकरी उलटली आणि मग दारात येऊन बघितले, तर रस्त्यावर ट्रकचा धुरळा. देगलूरच्या पुढे अपघात झाला. त्यांनी कुठला शर्ट घातला होता हेही आक्कांना पोलिसांना सांगता आले नाही. एवढे सांगून त्यांनी डबा पुन्हा उघडला आणि मला खायला लावले.

माणसे रॉकेटमधून जाणार अशी बातमी आली तेव्हापासून आक्कांचा जीव त्यातच अडकला. आजवर घालवले ते सगळे सामान, असे त्या म्हणायच्या. आता खरी माणसे जायची. लोखंडी कपाटाखाली त्यांनी पिशवी भरून ठेवली: एक पांढरे लुगडे, शाल, कॅमेरा, चार्जर. तारीख पुढे जात राहिली आणि पिशवीतली शाल उन्हाळ्यात निघून थंडीत परत आत जात राहिली.

त्याच काळात त्यांच्या पोटात गाठ निघाली. लातूरला नेले, नांदेडला नेले. आम्ही दोघी नर्स, रिपोर्ट वाचून एकमेकींना काय फसवणार? डॉक्टरांनी काही विचारायचे आहे का म्हटले, तर आक्कांनी सांगितले, "बरं करा म्हणून न्हाई. माणसं जाईस्तोवर मला उभं ठिवा." डॉक्टरांना काही उमगले नाही. मी बाहेर येऊन जिन्यात रडले.

मध्ये एक साध्या उपग्रहाचे उड्डाण होते. मिलिंद नको म्हणत होता, मी हट्टाने घेऊन गेले. त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून नेले होते, पण उजेड चढायला लागला तशा माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. बघितले. मग धुराचा फोटो काढला; हात हलल्याने तो थोडा पुसट आला आहे. येताना गाडीत त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मला घालवायला तू ये. मिल्या रडंल, डोळ्यात पाणी असल्यावर त्याला काय दिसणार न्हाई. तू बघ." मी म्हणाले, असले काहीतरी कामून बोलून राहिलात. त्यांनी हात सोडला नाही. शेवटी मी म्हणाले, हाव, बघीन.

माणसे अजून गेलेली नाहीत. आक्का गेल्या, एका दुपारी, घरीच. त्रिसरण-पंचशील झाले, गावातली निम्मी लेकरे ज्यांच्या हातांवर जन्मली त्यांना घालवायला निम्मे गाव आले. माझी आई चाकूरहून आली. मिलिंद आईने सांगितले होते तसाच रडत होता, त्याला खरेच काही दिसत नव्हते. मी कपाटाखालची पिशवी खांद्याला लावूनच गेले होते. अग्नी दिला. मी पापणी लवू दिली नाही. पांढरे लुगडे नेसवले होते, डावीकडे चाफ्याची फुले होती, चष्मा काढलेला होता. मला कुणीही विचारावे, मी सगळे सांगेन. ज्वाळांत काहीच दिसेनासे झाले, तेव्हा मी कॅमेरा काढला आणि बटण दाबले. लोकांनी माझ्याकडे कसे बघितले ते आठवत नाही. मी वर बघत होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मिलिंद त्यांच्या खोलीत तो कॅमेरा घेऊन बसला. एकेक फोटो मागे टाकत, नाक ओढत, मध्येच हसत. माझा कान दिसला की मला दाखवायचा. मग शेवटच्या फोटोवर थांबला. आभाळ होते आणि पांढरी, वाऱ्याने वाकडी झालेली रेघ.

"ताई, हे कुठलं? ह्यात रॉकेट कुठंय?"

मी त्याच्या शेजारी खाली बसले.

"गेल्या की," मी म्हणाले. "म्या बघितलं जाताना."