गनीचा बेडूक

थर्मन गॅड्सन अमेरिकेच्या मरीन सैन्याच्या बेटावर रिक्रूट, म्हणजे भरती झालेली नवी पोरं, घडवायचा त्या काळात पुलाच्या अलीकडच्या गावातल्या बायका त्याच्या आवाजावर चहाचं आधण ठेवत. खाडीतलं पाणी ओसरलेलं असलं आणि वारा तिकडून असला, की पहाटेची कवायत थेट परसदारी ऐकू येई. ‘लेफ्ट, राइट, लेफ्ट’ असे सरळ शब्द त्यात नसत. ‘लो-राइट-आ-ले-ओ’ असं काहीतरी लांबवत नेलेलं, चर्चमधल्या गाण्यासारखं, आणि शेवटाला एक हलकासा झोका. बाकीचे ड्रिल इन्स्ट्रक्टर ओरडत, थर्मन गात असे. त्याच्या तालावर चालणाऱ्या पोरांचे पाय चुकत नसत, असं त्याच्याबरोबर काम केलेले लोक अजून सांगतात.

हुद्दा गनरी सार्जंटचा, म्हणून सगळे त्याला ‘गनी’ म्हणत. फक्त त्याची बायको अर्लीन ‘थर्मन’ म्हणे, आणि तेही रागावली की ‘थर्मन गॅड्सन’ असं पूर्ण.

तो तिथलाच. बाप कोळंबीच्या बोटीवर होता. पोरगं मरीनमध्ये गेलं, जग फिरून आलं आणि नोकरीची शेवटची वर्षं नशिबानं घराजवळच पडली. शनिवारी त्याच्या अंगणात पत्र्यावर ओली गोणपाटं टाकून कालवं भाजली जात. तरुण इन्स्ट्रक्टर येत, मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात भुईमुगाच्या शेंगा उकळत असत, चिलटं चावत असत, आणि त्या सगळ्या कालव्यात कुणालाही धड बोलता येत नसे. कारण प्रत्येकाचा घसा बसलेला.

अशा बसलेल्या आवाजाला बेटावर ‘बेडूक’ म्हणत. दिवसभर ओरडून ओरडून इन्स्ट्रक्टरचा आवाज फाटतो, खरखरीत होतो, डराव डराव होतो. नवा माणूस आला की त्याचा बेडूक कधी बसतो याची सगळे वाट पाहत, आणि बसला की त्याच्या पाठीवर थाप पडे. बेडूक म्हणजे मान होता. एक तुकडी शिकून बाहेर पडली, की पुढची येईपर्यंत थोडी सुट्टी मिळे. तेवढ्यात बेडूक आपोआप निघून जाई.

त्या वर्षी उन्हाळ्यात सुट्टी लागली. बाकीच्यांचे बेडूक गेले. थर्मनचा गेला नाही.

“तुझा आवाज अजून तसाच का?” अर्लीननं विचारलं. ती मक्याची लापशी ढवळत होती.

“पिकलेला बेडूक आहे. म्हातारा. त्याला जायला वेळ लागतो.”

“दर वेळी आठवड्यात जातो तो.”

“मग या वेळी राहायला आलाय. भाडं माग त्याच्याकडे.”

“हसू नकोस, थर्मन गॅड्सन. दवाखान्यात जा.”

आणि तो गेला, हे विशेष. कारण सकाळी आजाऱ्यांच्या रांगेत उभं राहणं बेटावर कमीपणाचं मानत. तो स्वतः रिक्रूटांना म्हणे, “तुमचा पाय तुटला असेल तर तो हातात घेऊन या, मग बघू.” त्यामुळे त्या रांगेत त्याला पाहून पोरं नजर चुकवत भिंतीकडे बघायला लागली.

मरीनचे डॉक्टर नौदलाचे असत. एक तरुण लेफ्टनंट होता. त्यानं जिभेवर लाकडी पट्टी दाबली, बॅटरी मारली.

“काय काम करता, गनी?”

“ड्रिल इन्स्ट्रक्टर, सर.”

लेफ्टनंट हसला. “मग निरोगी घसा घेऊन आला असतात तर मी घाबरलो असतो. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. पाणी भरपूर प्या.” वर दुखण्याच्या गोळ्यांची पुडी दिली. गुडघा दुखला तरी तीच पुडी, ताप आला तरी तीच.

पुढची तुकडी आली आणि गेली. थर्मनला गिळताना काटा अडकल्यासारखं वाटायला लागलं. तो परत गेला. या वेळी डॉक्टर दुसरा होता, पहिल्याची बदली झालेली. त्यानं सगळं पहिल्यापासून विचारलं आणि पित्त आहे म्हणाला. तिखट सोडा, उशी उंच घ्या. थर्मननं तिखट सोडलं, तेव्हा अर्लीनला कळलं की हा आतून घाबरलाय.

तिसऱ्या वेळी ती त्याच्याबरोबर गेली. तिसरा डॉक्टर वयानं मोठा, वागायला भला होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “हे घशाच्या तज्ज्ञानं आत आरसा घालून बघायला हवं,” तो म्हणाला. “आपल्याकडे तो नाही. वरच्या मोठ्या इस्पितळात आहे. मी पाठवतो तुम्हाला. आम्ही फोन करू. तोपर्यंत स्टँड बाय.”

आता हा शब्द साध्या माणसाला सांगितला असता तर आठवड्याभरात त्यानं फोन करून डॉक्टरचं डोकं खाल्लं असतं. पण मरीनला ‘स्टँड बाय’ सांगितलं की तो हुकूम असतो. पुढचा हुकूम येईपर्यंत हलायचं नाही, विचारायचं नाही. थर्मननं हा शब्द किती पोरांच्या अंगात मुरवला असेल, त्याला गणती नाही. उन्हात उभे केलेले रिक्रूट, मानेवर चिलटं बसलेली, आणि कुणी हात हलवायचा नाही. तसा तो स्वतः उभा राहिला.

“फोन आला का?” अर्लीन विचारी.

“येईल.”

“मी करू?”

“अजिबात नाही. डॉक्टर लेफ्टनंट कमांडर आहे. त्यानं थांब म्हटलंय.”

“अरे, तो डॉक्टर आहे, तू आजारी आहेस. यात कवायत कुठून आली?”

थर्मन बुटांना पॉलिश करायला घेई. बोलायला त्रासही होत होता. थंडी आली, खाडीतलं गवत पिवळं पडलं, कालवांचे दिवस सुरू झाले आणि अंगणात तो सगळ्यांना वाढायचा, स्वतः खायचा नाही. मैदानावर त्याचा ताल आता कुजबुजीसारखा निघे. पोरांना तो खास बेडूक वाटे.

तो भला डॉक्टर बदली होऊन जपानमधल्या ओकिनावाच्या तळावर गेला होता. त्यानं पाठवतो म्हटलं होतं, पण पाठवलंच नव्हतं. विसरला की दुसऱ्या कुणाला सांगून गेला आणि तो विसरला, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

गाठ सापडली ती दाताच्या डॉक्टरीणबाईंना. दरवर्षीची दाताची तपासणी चुकवता येत नाही, म्हणून तो खुर्चीत बसला. बाईंनी दात पाहिले, मग सवयीनं जबड्याखाली मानेवर बोटं फिरवली. बोटं एका जागी थांबली.

“गनी, हे कधीपासून आहे?”

“काय, मॅडम?”

त्यांनी त्याचा हात धरून त्याचीच बोटं तिथं ठेवली. मग त्यांनी हातमोजे काढले आणि त्याच्यासमोर उभं राहून मोठ्या इस्पितळाला फोन लावला.

कॅन्सर होता. तिथला सर्जन स्पष्ट बोलणारा निघाला. पहिल्या वेळी आरसा घातला असता तर नुसते किरण देऊन भागलं असतं, बहुतेक आवाज वाचला असता. आता जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल.

थर्मन “होय, सर” म्हणाला. गाडीत अर्लीन खूप रडली, आणि तो एका हातानं गाडी चालवत दुसऱ्या हातानं तिचा गुडघा थोपटत राहिला.

पुढे नोकरी संपली. आजारपणाची निवृत्ती. अर्लीननं त्याला गावातल्या वकिलाकडे ओढत नेलं. वकील स्वतः जुना मरीन. तो म्हणाला, “गनी, तू पोस्टमन असतास तर मी त्यांना कोर्टात उभं केलं असतं. अर्लीनला हे झालं असतं तरीही केलं असतं. पण वर्दीत असताना वर्दीतल्या डॉक्टरनं चूक केली, तर कायदा दार बंद करतो.” इस्पितळाच्या प्रमुखानं भेटायला बोलावलं आणि झाल्या प्रकाराचा खेद वाटतो म्हणाला. कुणाची चूक, हे मात्र त्याच्या तोंडून आलं नाही.

थर्मनच्या गळ्यावर आता भोक होतं, त्यावर अर्लीन इस्त्री केलेला रुमाल बांधून देई. गळ्याला एक लहान यंत्र लावून तो बोलायचा. त्यातून निघणारा आवाज माशीसारखा एकसुरी. त्याचा झोका गेला तो गेलाच. पण शनिवार चालू राहिले. पोरं येत, कालवं भाजत.

त्यातलाच एक सार्जंट ओकेंडो, पोर्तो रिकोचा, बडबड्या. एका सुट्टीत त्याचा बेडूक गेला नाही.

“किती दिवस?” थर्मनचं यंत्र गुणगुणलं.

“काही नाही हो गनी. पिकलाय.”

थर्मननं हातातली सुरी खाली ठेवली. सोमवारी सकाळी त्यानं ओकेंडोच्या दारात गाडी उभी केली आणि तो बाहेर येईपर्यंत हॉर्नवरून हात काढला नाही.

दवाखान्यात नवीन लेफ्टनंट होता. लाकडी पट्टी, बॅटरी. “ड्रिल इन्स्ट्रक्टर ना? गुळण्या करा.”

“येस सर,” म्हणत ओकेंडो उठला. थर्मन खुर्चीत बसून राहिला.

“आणखी काही?” लेफ्टनंटनं विचारलं.

“आरसा,” यंत्र म्हणालं.

“तो तज्ज्ञाकडे असतो. बरं, पाठवू आपण. आम्ही फोन करू.”

“आत्ता करा.”

“हे बघा, बाहेर पेशंट बसलेत…”

“मी पण बसलोय.”

“गनी, चला ना,” ओकेंडो दात आवळून कुजबुजला. “सासऱ्याला घेऊन आल्यासारखं वाटतंय मला. तो ऑफिसर आहे!”

थर्मननं गळ्यावरचा रुमाल सोडला, नीट घडी करून मांडीवर ठेवला. लेफ्टनंटची नजर त्या भोकावर गेली, मग टेबलावर गेली. त्यानं फोन उचलला. पलीकडे बराच वेळ कुणी घेईना. थर्मन ढिम्म हलला नाही. शेवटी गुरुवार मिळाला.

गुरुवारी आरसा घातला. ओकेंडोच्या घशात ओरडून आलेला साधा फोड होता. पण तज्ज्ञानं बजावलं, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही.

शनिवारी तो अंगणात आला तो रागानं फुगलेला. हातवारे करून थर्मनला शिव्या देत होता, तोंडावर बोट ठेवून, मग ते बोट थर्मनकडे रोखून. थर्मनचे खांदे गदागदा हलायला लागले. त्याचं हसू आता तेवढंच होतं, आवाज नसलेलं. काही बोलावं म्हणून त्यानं यंत्र गळ्याला लावलं, तर बॅटरी संपलेली.

दोघं टेबलाशी शेंगा सोलत बसले. अर्लीननं दोघांच्या मधे खुर्ची ओढली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून या घरात माझं वाक्य कुणी पुरं होऊ दिलेलं नाही. आता ऐका.”

आणि तिनं तिच्या मावशीच्या घराचं छप्पर उडालं होतं त्या वादळापासून सुरुवात केली.