काकांना पाहिलं की लोक हसत

हिंगणघाटला मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी एकटी होते. लग्नानंतर वर्षभरातच नवरा तापानं गेला. वडनेरला भावाच्या घरी राहून मी शिक्षण पुरं केलं आणि गिरणीच्या बाजूला एका घरात खोली घेतली. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. विधवा बाई एकटी राहते म्हणून कुणी खोली देईना. ज्या काकूंनी दिली, त्याही एकट्याच राहत होत्या. त्यांचे यजमान मुंबईला सिनेमात काम करत.

त्या काकांना मी लहानपणीच पाहिलं होतं. वडनेरला आमच्या गावच्या मंडळींनी नाटक बसवलं होतं, त्यात ते बाप झाले होते. मुलगा नदीत बुडालाय, आणि लोक त्याचा ओला सदरा आणून बापाच्या हातात देतात. काका रडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी तो सदरा पिळला, झटकला आणि नीट घडी घालू लागले. जणू पोरगा उद्या शाळेत घालून जाणार आहे. पटांगणातली माणसं हुंदके द्यायला लागली. माझी आई घरी आल्यावरही जेवली नाही. त्या नाटकामुळेच कुणीतरी त्यांना मुंबईला घेऊन गेलं.

आता गावात तंबूचा सिनेमा आला आणि त्यात काका असले, की काकू मला म्हणायच्या, "चाल वं पोरी, जाऊन येऊ." आम्ही बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसायचो. काका पडद्यावर यायचे ते थोडाच वेळ. कधी शेठजीचे मुनीम, कधी घरगडी. कुणीतरी त्यांच्या थोबाडीत द्यायचं, ते भेलकांडत जायचे आणि चिखलात नाहीतर हौदात पडायचे. तंबू हसून हसून लोळायचा. काकू पदर तोंडावर धरून बघत राहायच्या. परत येताना एवढंच बोलायच्या, "वाळले दिसून राह्यले. खाण्यापिण्याकडे लक्ष नाई."

एका हिवाळ्यात काका घरी आले. शूटिंग थांबलं होतं म्हणे. अंगणात बाज टाकून ते उन्हात बसत. मला वाटलं होतं, मोठा माणूस असेल, बोलणार नाही. पण ते माझ्याशी वडनेरच्या एकेका माणसाची चौकशी करत बसले. मी त्या सदऱ्याची आठवण काढली तेव्हा त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"तुले आठवते थे?"

"हो. मग तुम्ही सिनेमात अशी कामं का करता, काका?"

ते म्हणाले, "पहिल्याच कामात माया पाय घसरला. खरंच घसरला, फरशी ओली होती. सारे हसले. सिनेमाचा मालक म्हने, हेच ठेवा. तवापासून मले पाडूनच राह्यले, बाई."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगतलं नं. एका मालकानं देलंबी काम. पोरीची बिदाई होती, मी बाप. काम झालं तं तिथले बत्तीवाले डोये पुसत होते. पन सिनेमा लागला आन मले पाह्यल्याबरोबर लोक हसाले लागले. आठवड्याच्या आत थो तुकडा कापून टाकला." ते उठून आत गेले. काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

गावात मात्र काकांचा मान मोठा. बाजारात गेले की माणसं घेरत, हॉटेलवाला चहाचे पैसे घेत नसे. "एक डाव पडून दाखवा नं, काका!" आणि काका पडून दाखवत.

आमच्या मोठ्या बाईंनी त्यांना शाळेच्या संमेलनात काम करायची विनंती केली. काका म्हणाले, करतो, पण माझ्या पसंतीचं करीन. त्यांनी वडनेरच्या नाटकातला तोच प्रवेश निवडला. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती! अंगणात फेऱ्या मारत ते वाक्यं घोकत. संमेलनाच्या दिवशी काकूंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं.

दुपारी शाळेच्या पटांगणात मांडव भरला. पडदा सरकला, काका पांढरं धोतर नेसून उभे. आणि हशा उसळला. त्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. ते थांबले. हशा ओसरल्यावर त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, अगदी हळू. पुन्हा हशा. माझ्या वर्गातल्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. मी 'गप्प बसा' म्हणाले ते कुणाला ऐकूच गेलं नाही. काकांच्या हातात सदरा आला. त्यांनी तो झटकला, बाह्या जुळवल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आता पडते पाहा!"

काकांनी लोकांकडे पाहिलं. मग घडी अर्धीच टाकून ते दोन पावलं मागे गेले, खुर्चीला अडखळले आणि हातपाय वर करून पडले. टाळ्या थांबेनात.

मी वळून पाहिलं तर काकूंची जागा रिकामी होती.

घरी गेले तेव्हा त्या अंगणात उभ्या होत्या. मागोमाग काका आले. कुणीतरी घातलेला हार अजून गळ्यातच होता. काकू म्हणाल्या, "तुमी मुंबईले जासान तवा मले बी संग न्या."

"तू? तिथं एक खोली हाये. नळावर भांडनं होते. तू काय करशीन तिथं?"

"तुमच्यापाशी न हसनारं एक तरी मानूस पाह्यजे."

काकांनी हार काढला आणि बाजेवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

आठवड्यानं दोघं गेली. जाताना काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली. "तुयशीपाशी दिवा लावत जाजो. आन जेवत जाय, एकटीसाठी रांधाचा कंटाया करू नोको." लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, तरी गाडीत काकांच्या शेजारी बसताना त्या नव्या नवरीसारख्या अवघडल्या होत्या.

पुढच्या वर्षी घर विकायला काकू एकट्याच आल्या. बारीक झाल्या होत्या, पण बोलत खूप होत्या. संध्याकाळी काका आले की त्या म्हणत, आज काय करायचं मनात होतं ते दाखवा. मग त्या खोलीत काका कधी राजा होत, कधी भिकारी. शेजारी भिंतीवर ठोकत. "कामं तशेच भेटते वं," त्या म्हणाल्या, "पन आता घरी आल्यावर हे बोलते. पहिले मुकेच राहत."

मला आनंद झाला. खरंच झाला. त्या सांगत होत्या आणि मी पोळ्या लाटत होते. किती दिवसांनी माझ्या चुलीवर दोघींचा स्वयंपाक होत होता. माझ्या मनात आलं, यांनी आणखी दोन दिवस राहावं. पण त्यांना परतायची घाई होती.

घर विकलं गेलं. नव्या मालकाला खोली हवी होती, म्हणून मी शाळेमागे दुसरी घेतली. तिथं शेजारी कापसाचं गोदाम होतं. सुटीच्या दिवशी ते बंद असे, आणि मग दिवसभर माणसाचा आवाज कानावर पडत नसे.