तीर्थवाली आंटी आणि माझे बाबा

तीर्थवाल्या आंटीच्या घरात नवी वस्तू थेट वापरात येत नसे. मिक्सर असो, चादर असो, नातवाचे बूट असोत, वस्तू आधी रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाई, फादरच्या हातचं पवित्र पाणी अंगावर घेई आणि मगच कामाला लागे. एकदा भर जुलैत आंटी नखशिखांत भिजून आली आणि तिच्या पिशवीत कोरी छत्री होती. "अजून ब्लेस नाय केली ना, कशी उघडू?" असं वर मलाच विचारलं. आमच्या गिरगावच्या वाडीतल्या हिंदू शेजाऱ्यांना ते पाणी तीर्थासारखंच वाटे, म्हणून तिचं हे नाव पडलं. तेही तिच्याकडे स्कूटरची चावी नाहीतर पोरांची हॉलतिकिटं देत, आणि ती सगळ्यांचं सगळं कापडी पिशवीत घालून चर्चला नेई.

आम्हीही ख्रिस्तीच, पण आंटी कॅथलिक आणि आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या भिंतीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन आणि एक कॅलेंडर, बास. बाबा निवृत्त मास्तर. "आशीर्वाद माणसाला असतो. वस्तू ही वस्तूच राहते," हे त्यांनी मला पाढ्यांबरोबरच शिकवलं होतं. आंटीच्या घरी मात्र माळा, मेणबत्त्या, झावळीचे क्रॉस, काचेच्या पेटीतली सायबीण, म्हणजे तिची मारियामाता, असा सगळा थाट होता. लहानपणी मी दारात उभी राहून त्या थाटाकडे बघत बसे. हेवा वाटायचा. पण तो पोरकट हेवा. खरा मत्सर पुढे सुरू झाला.

आई गेल्यावर बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. राग नव्हता, शब्दच आटले होते. मी ऑफिसातून आले की "आलीस?" आणि ताट वाढलं की "मीठ दे." झालं आमचं संभाषण. पण संध्याकाळी आंटीने तिची खुर्ची गॅलरीत ओढली की याच माणसाला कंठ फुटायचा.

"आंटी, नव्या करारात माळेवर पाणी शिंपडायला कुठे सांगितलंय?"

"मास्तर, पौलाचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवायचे, ते कुठे लिहिलंय? माझ्या बायबलात की तुमच्या?"

"ते पौलाचे रुमाल होते. तुझ्या बाटल्या नव्हेत."

"आणि तुम्ही जेवणावर प्रार्थना करता ती? बटाट्याला चालतं, माळेला नाय चालत?"

"आम्ही बटाट्याबद्दल आभार मानतो. बटाट्याला आशीर्वाद देत नाही!"

आंटी खो खो हसायची. मग गंभीर होऊन म्हणायची, "जादू थोडीच असते वस्तूत? मंडळीची, सगळ्या चर्चची प्रार्थना असते. हातात घेतली की देव आठवतो." बाबा म्हणत, "मला काही हातात न घेताच आठवतो." मी आत पोळ्या लाटत हे सगळं ऐकायची, आणि माझ्या पोळ्यांचे नकाशे व्हायचे.

एकदा मीही तयारी केली. चार दिवस शास्त्र चाळून एक मुद्दा काढला आणि जेवताना आंटीच्या बाजूने ठणकावून मांडला. बाबा म्हणाले, "हं, बरोबर आहे तुझं," आणि त्यांनी आमटी ओढली. आंटीला त्यांनी इतक्या वर्षांत तसूभर जागा दिली नव्हती, आणि मला मात्र सगळं मैदान फुकटात मोकळं. इतका अपमान कधी वाटला नव्हता.

बरं, तिचा राग करावा तर ती तशी संधीही देत नसे. बाबांनी नवा चष्मा केला तेव्हा तिने पिशवी पुढे केली, मग स्वतःच मागे घेतली. "राहू दे. मास्तरांचा चष्मा प्रॉटेस्टंटच बरा." गळ्यातली संतांची तुटलेली पदकं, फुटक्या मूर्ती ती कचऱ्यात टाकत नसे, गॅलरीतल्या कुंडीत पुरायची. बाबा त्या कुंडीला कबरस्तान म्हणत आणि ती गावाला गेली की त्याच कुंडीला न चुकता पाणी घालत. माझ्या मोगऱ्याला त्यांनी कधी तांब्याभर पाणी घातलं नाही.

मग बाबांना परळच्या इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. दुपारी आंटी आली ती रिकाम्या हाताने. ना माळ, ना बाटली. खुर्ची ओढून तिने बाबांच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटून, आमच्या चर्चचे पाळक करतात तशी, साध्या शब्दांत प्रार्थना केली. बाबांनी डोळे उघडले.

"पाणी कुठाय?"

"तुम्हाला चालत नाय ना, मास्तर. नाय आणलं."

"तुला चालतं ना? मग आण."

आंटी रडायलाच लागली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "लीना, जा, घेऊन ये." कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि तेही तिच्यासाठी. आंटीने किल्ली दिली. "सायबिणीच्या खालच्या फळीवर बघ. निळ्या झाकणाची."

टॅक्सीत मी धुमसत होते. फळीवर निळ्या झाकणाच्या दोन बाटल्या होत्या. फोन करून विचारता आलं असतं. पण पाणी ते पाणी, हे मला बाबांनीच तर शिकवलं होतं. हाताला लागली ती उचलली आणि परत आले. आंटीने बाटली उलटसुलट करून पाहिली, बूड निरखलं, मग पाणी ओंजळीत घेऊन बाबांवर शिंपडलं. बाबा हसले. "गार आहे," म्हणाले. त्या संध्याकाळी ते शांत झोपले आणि पहाटे गेले.

वर्षभराने आंटी कायमची वसईला लेकीकडे निघाली. सामान खाली गेलं होतं. दारात माझा हात धरून ती म्हणाली, "लीना, त्या दिवशी तू मनीप्लांटच्या पाण्याची बाटली आणलेलीस. माझीच्या बुडाला मी नेलपॉलिशने क्रॉस काढलेला असतो."

"मग शिंपडलंत कशाला?"

"मास्तर वाट बघत होते ना ग. त्यांना काय सांगू, थांबा?" तिने डोळ्यांना पदर लावला. "नळाचं पाणी ग ते. त्याच्यावरच माणूस हसला, शांत झाला. म्हणजे मास्तरच जिंकले बघ. आता हे मी कोणाला सांगू? ऐकायला तेच नाय." आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तसं करायचं असतं म्हणून. आत मात्र जळत होते. बाबांचा फोटो माझ्याकडे, चष्मा माझ्याकडे, आडनाव माझ्याकडे. आणि त्यांच्याशी अर्धवट राहिलेलं भांडण तिच्याकडे. ते ती वसईला घेऊन चालली होती.

ती जिना उतरून गेली. मी रिकाम्या गॅलरीत उभी राहिले. सगळी वाडी मला गुणाची मुलगी म्हणते. बाबांशी मी जन्मात एकदाही भांडले नाही.