मागची फळी आधी

माणसानं क्षमा करायला शिकावं, असं मला आयुष्यभर पुष्कळांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी एकालाही अकरावीच्या मुलींसमोर वर्गाबाहेर काढलेलं नव्हतं. मला काढलं होतं. त्यामुळे क्षमेचं ज्यांचं त्यांनी बघावं. मी उट्टं काढलं, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं.

धुळ्यात पांझरेच्या पलीकडे, देवपुरात, मुलींची एक शाळा होती. तिथे मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गाला, भूगोल शिकवायची. आमच्या घराण्यात भूगोल घेऊन बी. ए. झालेली मी पहिलीच. हा वर्ग म्हणजे माझा जीव की प्राण होता. ती वर्षं अशी की, लढाईमुळे सुएझचा कालवा बंद पडलेला आणि वर्तमानपत्रात रोज त्याच्या बातम्या. मुली विचारायच्या, "बाई, कालवा बंद झाला तर आपलं काय बिघडतं?" मी सांगायची, "समजा तुला धुळ्याहून नशिराबादला जायचंय, आणि सडक बंद म्हणून आधी मुंबईला जाऊन वळसा घालून ये म्हटलं, तर?" मुली हसायच्या. "तसंच. बोटींना आता अख्ख्या आफ्रिकेला वळसा पडतो. कोळसा, तेल, दिवस, सगळं जास्त. म्हणून तर माणसं जमीन कापून कालवे खणतात."

असंच एकदा सुएझवरून पनामाकडे गेले. फळ्यावर डोंगर काढला, डोंगरावर तलाव काढला आणि म्हटलं, "सुएझ सपाट वाळूतून जातो. समुद्राला समुद्र जोडला की झालं, दारं-बिरं काही नाहीत. पनामाला मध्ये डोंगर आडवा आला. तो समुद्राच्या पातळीपर्यंत कापणं जमेना. मग नदी अडवून वर तलाव केला आणि ठरवलं, बोटच वर चढवायची."

"बोट डोंगर चढते?" एकीनं विचारलं.

"चढते. जिन्याच्या पायऱ्यांसारखे मोठमोठे हौद असतात. बोट खालच्या हौदात शिरली की मागचं दार लावतात. मग वरचं पाणी हौदात सोडतात, ते आपसूक खाली येतं. हौद भरतो, बोट पाण्याबरोबर वर येते. वरच्या पाण्याशी पातळी जुळली की पुढचं दार उघडतात. पलीकडे उतरताना तसंच, फक्त उलट. पाणी खाली सोडायचं, बोट खाली येते."

एवढ्यात दारातून आवाज आला, "बाई, मुलींना भलतंसलतं सांगू नका."

हे आमचे सुपरवायझर. व्हरांड्यात उभं राहून दुसऱ्यांचे तास ऐकायची त्यांना खोड होती. ते आत आले, माझ्या हातातला खडू घेतला आणि सांगू लागले की, पनामाला एका बाजूचा समुद्र उंच आणि दुसऱ्या बाजूचा खोल आहे. उंच समुद्र खोल समुद्रात सांडू नये म्हणून ही दारं. आणि पाणी वर चढवायला मोठाले पंप लावलेत.

मी म्हटलं, "सर, तसं नाही. भरती-ओहोटीनं पातळीत थोडाफार फरक पडतो, पण दारं त्यासाठी नाहीत. एक समुद्र उंच असता तर बोट एका बाजूनं नुसती चढली असती. इथे ती दोन्ही बाजूंनी चढते आणि दोन्ही बाजूंना उतरते. आणि पंप नाहीत. तलावाचं पाणी वरून खाली येतं, तेवढंच काम करतं."

हा माझा गुन्हा. मुलींसमोर 'तसं नाही' म्हटलं.

त्यांचे कान लाल झाले. "मी फडावरचा माणूस आहे बाई," ते म्हणाले. "चार पिढ्या पांझरेचं पाणी वळवतोय. पाणी मला तुम्ही शिकवणार? उद्यापासून हा वर्ग मी घेतो. तुम्ही शिवणाच्या खोलीत बसा. निघा." मी पुस्तक उचललं. उंबऱ्याशी पोचले तोवर मागून पुन्हा, "आणि जाताना दार लावून घ्या."

मी दार लावून घेतलं. आत कोणीतरी खुदकन हसलं. अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! पण नोकरी होती, घरी म्हातारे आईवडील होते. मूग गिळून गप्प बसले. सोमवारी वेळापत्रक लागलं. भूगोलापुढे त्यांचं नाव, आणि माझ्यापुढे आठवीचं शिवण. मला धड सुईत दोरा ओवता येत नव्हता! काज करताना मुली माझा हात धरून मला शिकवायच्या, आणि भिंतीपलीकडून त्या माणसाचा आवाज यायचा, "एक समुद्र उंच, दुसरा खोल." सबंध शाळाभर तो माणूस माझा भूगोल नासवत होता.

तेव्हाच ठरवलं, हा वर्ग मी परत घेणार. आणि नुसता घेणार नाही.

थंडीत आमचं स्नेहसंमेलन असे, त्यात प्रदर्शन. प्रत्येक खोलीनं काहीतरी मांडायचं. शिवणाच्या खोलीतून दरवर्षी पोपट भरलेले टेबलक्लॉथ जायचे. मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेले आणि म्हटलं, "यंदा आम्ही कालवा मांडणार."

"शिवणातून कालवा?"

"मेणकापड शिवायचंच आहे की बाई. त्यात पाणी घालू."

त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. बाई मनाच्या मोकळ्या होत्या, पण सुपरवायझरांपुढे त्यांचं फारसं चालत नसे.

आम्ही लांबट फळकुटांची चौकट केली, आत मेणकापड शिवून बसवलं, शिवणी मेण लावून बुजवल्या. एका टोकाला उंचावर मोठा हौद, तो तलाव. दुसऱ्या टोकाला खाली उथळ, तो समुद्र. मधे एक हौद, आणि त्याच्या दोन्ही तोंडांना खाचेत बसवलेल्या पत्र्याच्या उभ्या फळ्या, कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी. फळ्यांखाली बुचाची भोकं, पाणी हळू सोडायला. एका मुलीच्या मामाची रावेरला केळीची बाग होती. तिनं केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, नाव करून आणली, वर काडीचं निशाण.

पहिली चाचणी मीच घेतली. मधला हौद तलावाइतकाच भरून ठेवला होता, नाव तलावातून खाली आणायची होती. वरची फळी उचलली, नाव मधल्या हौदात आली. लगेच हात पुढे गेला आणि मी खालची फळी उचलली. वरची उघडीच! अख्खा तलाव धडधडत खाली आला आणि माझं लुगडं कमरेपासून चिंब झालं.

आमची शिपाईबाई, तिला सगळे अक्का म्हणत, दारातून ओरडली, "ओ माय वं! बठ्ठं पानी सांडी गयं!"

मी ओल्या लुगड्यात मटकन बसले आणि विचार करू लागले, असं कसं झालं? नीट माहीत असून हात चुकला कसा? मग उमगलं. आमचं गावही पांझरेकाठचं, फडावरचंच. फड म्हणजे नदीवर बंधारा घालून सगळ्या गावानं मिळून भिजवायची शेती. पाट सतत वाहता असतो, पाळीपाळीनं प्रत्येकाला पाणी. तिथे लहानपणापासून एकच धडा: आधी पुढचं तोंड उघडायचं, मग मागचं बंद करायचं. उलटं केलंत तर वाहतं पाणी तुंबतं, पाट फुटतो आणि सगळं गाव शिव्या घालतं. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे बांधावर फिरून हे माझ्या हातात मुरलेलं होतं. बोटीच्या कालव्यात नेमकं उलट. मागची फळी आधी पाडायची, मगच पुढची उचलायची.

फडावरच्या माणसाचा हात इथे हमखास चुकणार. आणि आमच्या शाळेत चार पिढ्यांचा फडावरचा माणूस एकच होता.

मला हसू फुटलं. अक्काला वाटलं, बाईंना ताप भरला.

मी उठून सरळ त्यांच्याकडे गेले. गोड आवाज काढला, काढता येतो मला. "सर, आमच्या कालव्याचं उद्घाटन तुमच्याच हस्ते व्हावं. पाण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?" गडी फुलला. शिजेपर्यंत दम धरला होता, आता निवेपर्यंत धरायचा होता.

संमेलनाच्या दिवशी शिक्षण खात्याचे एक साहेब पाहुणे होते. सुपरवायझर पांढरी स्वच्छ पॅन्ट घालून आले. मी त्यांना समुद्राच्या टोकाशी उभं केलं. "इथून फोटो छान येईल सर." त्यांनी आधी दहा मिनिटं भाषण ठोकलं: एक समुद्र उंच, दुसरा खोल, मधे दारं, शिवाय पंप. साहेब मान हलवत होते.

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सर, फळ्या कशा उघडायच्या ते सांगू का?" विचारलं हं मी. माझ्यावर बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

"बाई," ते पाहुण्यांकडे बघत म्हणाले, "आम्ही फडावरची माणसं. फळ्या उघडण्यात जन्म गेला."

त्यांनी वरची फळी उचलली. नाव डुलत मधल्या हौदात आली. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची आठवीतली मुलगी म्हणू लागली, "सर, आधी मागची..." मी तिचा हात असा दाबला की बिचारी गप्पच झाली.

त्यांनी खालची फळी उचलली.

काय सांगू! तलाव सुटला तो थेट त्यांच्या पांढऱ्या पॅन्टवर. नाव उडून त्यांच्या बुटावर आदळली. पॅन्ट अंगाला चिकटली आणि आतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीचं दर्शन सगळ्या देवपुराला झालं. मुली हसायला लागल्या त्या थांबेचनात. मी पदर तोंडाला लावला. दुःख झालं म्हणून नव्हे.

"मॉडेल चुकीचं आहे!" ते ओरडले.

"परत भरू या," मी म्हटलं. मुलींनी बादल्या ओतल्या. मी नाव तलावातून मधल्या हौदात घेतली, मागची फळी पाडली, खालचं बूच काढलं. हौदातलं पाणी समुद्रात गेलं, नाव सावकाश खाली बसली. दोन्हीकडे पातळी एक झाल्यावर खालची फळी बोटाच्या टोकानं उचलली. नाव समुद्रात. मग तीच उलट फिरवून तलावात चढवली. पाण्याचा थेंब बाहेर नाही.

साहेबांनी वाकून खाली पाहिलं. "पंप कुठे आहे?"

"पंप नाही साहेब. वरचं पाणी खाली येतं, तेवढंच. दर बोटीमागे तलावातलं गोडं पाणी समुद्राला जातं. तिथे पाऊस दांडगा, म्हणून परवडतं. आपल्या पांझरेला नाही परवडणार."

"मग एक समुद्र उंच असतो, ते?"

मी नुसतं सुपरवायझरांकडे पाहिलं. ते पॅन्ट पिळत होते.

"मॅट्रिकला भूगोल कोण शिकवतं?" साहेबांनी मोठ्या बाईंना विचारलं.

"सध्या... हे सर."

"आणि या काय शिकवतात?"

"शिवण."

साहेब मोठ्यानं हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण त्यांना हवी होती ती संधी मिळाली. पुढच्याच सोमवारी नवं वेळापत्रक लागलं, अकरावीच्या भूगोलापुढे माझं नाव.

त्या दिवशी मी वर्गाशी गेले तेव्हा ते अजून आतच होते, फळ्यावरचं पुसत. मी इतके महिने एक वाक्य घोळवून ठेवलं होतं: 'सर, जाताना दार लावून घ्या.' रात्री झोपेतही म्हटलं असेल. मी टेबलापाशी उभी राहिले. त्यांनी डस्टर ठेवलं, पुस्तक घेतलं आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडले. आणि माझं तोंड उघडायच्या आत त्यांनी स्वतःच मागे वळून, हळूच, दार ओढून घेतलं.

मेल्यानं माझं वाक्य माझ्या तोंडातून काढून घेतलं! मुली माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या महिन्यांचं सगळं त्या एका वाक्यासाठी साठवलेलं, आणि ते असं फुकट जाऊ देऊ?

मी दाराशी गेले, सताड उघडलं. ते व्हरांड्यात दहा पावलांवर होते.

"सर," मी खणखणीत हाक मारली, "दार नीट लागलं नाही. परत लावा."

ते थांबले.  मग ते परत आले, कडी धरली आणि दार लावलं. या वेळी घट्ट लागलं. मी खडू उचलला आणि मुलींना म्हटलं, "हं, पनामा. मागच्या वेळी कुठवर आलो होतो?"