पापुद्रा निघाला, सुरकुती राहिली

ऑपरेशन यशस्वी झालं असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं, त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं सोडलं. ऐकायला विचित्र वाटेल, पण झालं ते तसंच. अपयश आलं असतं तर त्याच्या पायाशी जाऊन रडलो असतो, पुन्हा मागितलं असतं. यशस्वी म्हटल्यावर मागायची सोयच उरली नाही, आणि मला तर नीट दिसत नव्हतं. बरं झालेल्या माणसाचा अनुभव म्हणून कुणी हे वाचायला घेतलं असेल, तर त्याची निराशा होईल. तरीही जे घडलं ते सांगावंसं वाटतं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. तरुणपणी भाईंदरला आलो आणि नवघरला एका भांड्यांच्या दुकानात नावं घालायला बसलो, तो बसलोच. स्टीलच्या भांड्यावर मशीनच्या टोकाने टिंब टिंब करत नाव कोरायचं, हेच माझं आयुष्यभराचं काम. रुखवताचे डबे, बारशाच्या वाट्या, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ वाटायची ताटं. आमच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळात समई, ताम्हन, घंगाळ, सगळ्यांवर नावं माझ्या हातची आहेत, आणि ती मी सेवा म्हणून घातली. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळा भार उजव्यावर. त्या एका डोळ्याच्या जोरावर मी तांदळाएवढं अक्षर घालायचो, आणि मनातून त्याचा अभिमान होता.

मग एका लग्नसराईत एक बाई डब्यांचा संच परत घेऊन आल्या. "शेठ, नावावरची रेघ बघा कशी गेलीय. लेकीच्या सासरी काय दाखवायचं हे?" शेठने डबा माझ्यापुढे धरला आणि हळूच विचारलं, "काका, हाथ हिलता है क्या आजकल?" मी डबा निरखून बघितला. मला ती रेघ सरळ दिसत होती. बाई म्हणत होत्या वाकडी, शेठ म्हणत होता वाकडी, आणि मला सरळ. मान वर करून मी शटरच्या पट्ट्यांकडे बघितलं, तर त्या मधोमध कुणीतरी आत ओढल्यासारख्या वाकलेल्या.

डॉक्टर मॅडम वयाने माझ्या मुलीसारख्या. त्यांनी स्कॅन काढला आणि शांतपणे समजावलं, "काका, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक पातळ पापुद्रा आलाय. तो आकसतोय, त्यामुळे खालच्या पडद्याला सुरकुत्या पडल्यात. वयामुळे होतं, तुमच्या कामाचा दोष नाही. ऑपरेशन करून पापुद्रा सोलून काढता येतो. बहुतेकांना फरक पडतो, पण सुरकुती पूर्ण जाईलच असं नाही. आणि थोडा धोकाही असतो." शेवटची दोन वाक्यं कानावर पडली, मनात शिरली नाहीत. बायको गावच्या देवीला चांदीचे डोळे वाहायचा नवस बोलली. मी दत्तासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, एवढी वर्षं तुझ्या भांड्यांवर नावं घातली, मला फक्त माझी सरळ रेघ परत दे.

ऑपरेशनच्या वेळी मी जागा होतो. डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन दिल्यामुळे दुखत नव्हतं. पांढऱ्या उजेडात एका बारीक चिमट्याची सावली हलताना दिसायची आणि मी मनात नामस्मरण करत पडलो होतो. त्या वेळी मला खरंच वाटलं, तो माझ्या उशाशी उभा आहे. हे लिहितानाही लाज वाटते, कारण पुढे मी त्याला फार बोललो.

महिने गेले. तपासणीला भिंतीवरच्या तक्त्यातल्या दोन ओळी जास्त वाचता आल्या. मॅडमनी आधीचा आणि आताचा स्कॅन शेजारी शेजारी दाखवला. "पापुद्रा पूर्ण निघालाय. पडदा पण बराच सपाट झालाय. ऑपरेशन यशस्वी आहे, काका."

"पण मॅडम, रेघ अजून वाकते."

"आधीपेक्षा कमी वाकते ना?"

"कमी वाकते."

"मग कदाचित इतकंच होणार. पडदा बराच काळ चुरगळलेला होता."

त्या एक शब्दही खोटं बोलल्या नव्हत्या, आणि तेच मला जास्त लागलं. बाहेर बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांचं आणि माझं ऑपरेशन एकाच सकाळी झालेलं. माझ्याकडे बघून ते हसले, "देवाची कृपा हो." मी तसाच पुढे निघालो. त्याच देवाला मीही हाक मारली होती.

दुकानात शेठने कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणलं. "काका, आप काउंटर पे बैठो, आराम से," तो म्हणाला. तो प्रेमाने बोलला, म्हणून त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडताच घरी आणला. घरी बायको नवस फेडायला गावी जायचं काढत होती. मी तिच्यावर ओरडलो, "कसला नवस? डोळा बरा झाला तर वाहायचे होते ना?" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, दोन ओळी जास्त वाचल्यात ना? मग तेवढ्यासाठी वाहू." मी देवळात जाणं बंद केलं. पुढच्या तपासणीचीही वेळ चुकवली. काय बघणार होते ते आता?

एका संध्याकाळी ती आरतीला गेली आणि मी तिला आणायला म्हणून देवळाबाहेर जाऊन थांबलो. आत पाऊल टाकायचं नव्हतं. सकाळपासून उजव्या डोळ्यापुढे काजळीसारखे ठिपके उडत होते आणि खालच्या बाजूने एक काळी सावली चढत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर, जायचा असेल तर जाऊ दे, असंच मनात होतं. फेऱ्या मारता मारता पायाखाली काहीतरी मऊ आलं. फाटकाशी पालेभाजी घेऊन बसलेल्या म्हातारीच्या जुड्या मी तुडवल्या होत्या.

"दिसत न्हाय का रं? सगली भाजी तुडवलीस!"

"नाही दिसत," मी तितक्याच कडूपणाने म्हणालो. "खालचं काहीच दिसत नाही. सकाळपासून काळा पडदा आलाय."

ती रागावायची थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "माझ्या घोवाला असाच पडदा आलावता. बोलला, उद्या जाव. उद्याच्या परवा केला. तो डोला गेला. दुसरा आधीच गेलावता. आता दारात बसून असतो. तू आज जा. आत्ता जा."

मी म्हणालो, बघू. त्यावर ती गुडघ्यावर हात टेकून उठली, माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने देवळातल्या बायकांना हाका मारायला लागली, "कोनाचा मानूस हाय हा? याला दवाखान्यात न्या गो." आरती अर्धी टाकून बायको धावत आली. म्हातारीनेच रिक्षा थांबवली. मी भाजीचं काही बोलायला गेलो, तर म्हणाली, "भाजीचं ऱ्हाऊ दे, तू जा."

दवाखान्यात तपासल्यावर कळलं, डोळ्यामागचा पडदा जागेवरून सुटायला लागला होता. मॅडम म्हणाल्या, "मधला भाग अजून जागेवर आहे. आज आलात म्हणून. आणखी थांबला असतात तर फार कठीण होतं." मी विचारलं, पहिल्या ऑपरेशनमुळे झालं का हे? त्यांनी नजर चुकवली नाही. "असू शकतं, काका. थोड्या जणांना होतं. तो धोका मी सांगितला होता."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑपरेशन झालं. या वेळी डोळ्यात वायू भरला, आणि पडदा जागेवर चिकटेपर्यंत चेहरा खाली ठेवून राहायला सांगितलं. घरात बायकोने चटई घातली आणि मी पालथा पडून राहिलो. जेवण मान खाली घालूनच. रागाने मी आतल्या आत देवाला वाट्टेल ते बोललो. आधी दिलंस ते वाकडं, आता तेही काढायला निघालास? माझ्या हाताने तुझी समई कोरून घेतलीस, तेव्हा माझा डोळा चालला तुला? एके दुपारी असाच भांडत असताना ध्यानात आलं की इतक्या महिन्यांनी मी त्याच्याशी बोलतोय. मग राग दमला. मागायला काही सुचेना. नुसतं नाव येत राहिलं, न मागता, आणि मी ते येऊ दिलं.

डोळा वाचला. दृष्टी पहिल्या ऑपरेशननंतर होती त्याहून थोडी कमीच राहिली. पुढे मोतीबिंदू वाढला, त्याचंही ऑपरेशन झालं. रेघ अजून वाकते. बायकोने देवीला चांदीचे डोळे वाहिले, मी शेजारी उभा राहून हात जोडले. मनात आनंद नव्हता, हे देवीलाही ठाऊक असेल.

त्या म्हातारीला मात्र भेटायचं होतं. ती देवळापाशी पुन्हा दिसली नाही. फुलवाल्या बाईने सांगितलं, ती मोरवा गावची, एरवी स्टेशनपलीकडे वेस्टला बसते. त्या दिवशी तिकडे पालिकेची गाडी येऊन सगळ्यांना उठवलं म्हणून इकडे आली होती. यात चमत्कार किती आणि पालिकेची गाडी किती, याचा वाद मी कुणाशी घालत नाही.

मोरव्याला विचारत विचारत तिचं घर सापडलं. तिने मला ओळखलं, ओट्यावर बसवलं आणि चहा ठेवायला आत गेली. ओट्यावर तिचा नवरा बसला होता. तोंड मिठागराकडे. त्याने माझ्या दिशेने मान वळवली. "तूच का तो, भाजी तुडवनारा? आला का डोला?"

दोन्ही डोळे गेलेल्या माणसाला काय सांगायचं? "आला," मी म्हणालो, आणि राहवेना म्हणून पुढे म्हणालो, "पण सगळं वाकडं दिसतं."

"वाकडं तर वाकडं. मिठागरात पानी हाय का?"

"आहे. थोडं आहे, कडेला."

"बगले?"

"आहेत तीन-चार. एक तिवरांकडे उडाला आत्ता."

"त्या बाजूला बिल्डिंग बांधत व्हते, किती वर गेली?"

मी सांगितलं. मधोमध खचल्यासारखी दिसते हेही सांगितलं, त्यावर तो खूप हसला. आतून म्हातारी म्हणाली, "रोज इचारतो. माझ्यामागं कामं, मी किती सांगू?" चहा निवला तरी त्याचे प्रश्न संपेनात. मी डोळा बारीक करून बघत होतो आणि दिसेल ते सांगत होतो. ऊन उतरलं. निघताना त्याने माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, "परत येशील ना?"

अधूनमधून जातो. दुकानात काउंटरवर बसतो. संध्याकाळी देवळात जातो, पायरीवर पाय चाचपत. शरण जाणं म्हणजे तक्रार संपणं, असं मला वाटायचं. माझी संपलेली नाही, संपेल असंही वाटत नाही. दत्ता, लोक तुझ्यापुढे फूल ठेवतात, साखर ठेवतात. महाराज, माझ्याकडे सध्या हा कडूपणाच आहे. रोज तोच तुझ्यापुढे ठेवतो. तू तो अजून परत केलेला नाहीस, याबद्दल मी तुझा ऋणी आहे.