मोटर कोण जाळतं?

नव्वदच्या दशकात तलासरीजवळ पाइपच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकलचं काम बघत होते. डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, डिप्लोमा झालेली मुलगी. कारखान्याचे गुजराती मालक, शेठ, मला तोंडावर 'बेन', म्हणजे ताई, म्हणत आणि पाठ वळली की फिटरला विचारत, "बेनने बराबर जोडलंय ना?"

एका वर्षी त्यांनी पाइप ओढणाऱ्या मोटरसाठी ड्राइव्ह घेतला. मोटरचा वेग हवा तसा कमीजास्त करणारी ही नवी पेटी मशीनजवळ ठेवायला ते तयार होईनात.

"कोणीतरी बटणं फिरवेल, कोणी आतला भाग काढून नेईल. माझ्या नजरेसमोर पाहिजे."

पेटी त्यांच्या केबिनशेजारी बसली. तिथून शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, मोटरपर्यंत केबल ओढावी लागली.

थोड्याच दिवसांत मोटर जळली. जवळच मसोलीला मोटरी दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते, त्यांच्याकडून नवी वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, भरून आणली, तीही जळली. शेठचा निकाल तयार होता: मिस्त्री हलकी तार भरतो. मिस्त्रींचा संशय माझ्यावर. "मॅडम, तुम्ही मोटरमध्ये भलतंच काहीतरी सोडताय." मला तर दोघांचाही भरवसा वाटत नव्हता.

मी ड्राइव्हच्या तोंडाशी मीटर लावला. आकडा पटला नाही, म्हणून दुसरा लावला. त्याने वेगळाच आकडा दाखवला. शेठ मागे उभेच होते.

"दोन मीटर, दोन जबानी. खोटं कोण बोलतंय?"

खरं तर दोन्ही मीटर साध्या, गुळगुळीत वीजलहरीसाठी बनवलेले. ड्राइव्ह तशी लहर देतच नाही. तो एकाच दिशेने वाहणाऱ्या, डीसी विजेचे तुकडे पाडतो, काही अरुंद, काही रुंद, सेकंदाला हजारो. तिन्ही फेजमध्ये हे तुकडे असे बसवलेले असतात, की मोटरला त्यांची सरासरी लहरीसारखीच वाटते. मी समजावलं. शेठनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

मग मी मसोलीला गेले आणि मिस्त्रींना मोटर माझ्यासमोर उघडायला लावली. जोडणीच्या टोकाजवळची पहिली गुंडाळी तेवढी काळी पडली होती, बाकीची तार नवी कोरी. तार हलकी असती किंवा मोटरवर भार जास्त पडला असता, तर अशी नेमकी तिथेच जळली नसती.

"म्हणजे बाहेरून काहीतरी आदळतंय," मी म्हणाले.

मिस्त्रींनी विचारलं, "हे शेठना सांगाल?"

मोटर पुन्हा भरून बसवल्यावर मी ड्राइव्ह कंपनीच्या इंजिनिअरला वापीहून बोलावलं. त्याने विजेचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. ड्राइव्हपाशी पडद्यावर तुकडे स्वच्छ, चौकोनी दिसत होते. मोटरपाशी मात्र प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर उंच सुळका, जवळजवळ दुपटीचा.

"केबल फार लांब आहे," तो म्हणाला. "समुद्राची लाट बांधावर आपटून वर उसळते ना, तसं होतंय. पेटी मोटरजवळ आणा. तुकड्यांची संख्याही मी कमी करतो, म्हणजे आपटणंही कमी होईल."

शेठनी मला बाजूला घेतलं. "हा तुमचा ओळखीचा का?"

तुकडे कमी केल्यावर मोटरची बारीक शिट्टी, अपेक्षेप्रमाणेच, खरखरीत आणि मोठी झाली. शेठ दचकले. "आवाज वाढला! बिघाड वाढवून चालला हा!"

शेवटी माल अडकला, म्हणून त्यांनी पेटी हलवू दिली. तिच्याभोवती जाळीचा पिंजरा करून घेतला आणि कुलपाची चावी स्वतःच्या खिशात ठेवली. पेटी बंद पडली की आम्ही शेठची वाट बघत बसायचो. पण मी तिथे होते तोवर मोटर पुन्हा जळली नाही.

दोष तारेचा नव्हता, हे सांगायला मी मुद्दाम मसोलीला गेले. सगळं ऐकून मिस्त्रींनी विचारलं,

"तुम्हाला शेठनी पाठवलं का?"

"नाही. मीच आले."

"म्हणजे ते मला अजून चोरच समजतात."

ते खरंच होतं. आठवड्यापूर्वीच शेठ म्हणाले होते, मोटर चालतेय, कारण मिस्त्री आता घाबरलाय. पुढे आमची दुसरी एक मोटर मिस्त्रींकडे पाठवली, तेव्हा त्यांनी ती टेम्पोतून उतरवूनच घेतली नाही.